फिजिक्सचे प्रोफेसर दिवसभर करतात तरी काय?

पार्लेकरीण

माझी भाची एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स. पुढे पीएचडी करून विद्यापीठातच शिकवायचं असं तिने घरात जाहीर केलंय. बहीण खूश आहे, मेव्हण्यांनी मात्र धसका घेतलाय. त्यांचं म्हणणं असं, की आठवड्याला सोळा तास शिकवायचं आणि उरलेल्या वेळात पेपर तपासायचे, यासाठी उमेदीची सात-आठ वर्षं घालवायची? रिसर्चच करायचा तर टीआयएफआरला (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) जा, बीएआरसीला (भाभा अणुसंशोधन केंद्रात) जा. कलिन्यात कोण रिसर्च करतं?

या शेवटच्या वाक्याने माझं डोकं फिरलं म्हणून हा धागा. मी स्वतः नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कलिन्याहून, म्हणजे मुंबई विद्यापीठातून, एमएस्सी केलं आणि बँकेत लागले. त्यामुळे पेशाच्या आतलं मला काही ठाऊक नाही. पण त्याच विभागात १९८२ ते १९९५ रोहिणी गोडबोले होत्या, आधी लेक्चरर आणि मग रीडर. शाळा पुण्याची हुजूरपागा, बीएस्सी एसपीतून, एमएस्सी आयआयटी मुंबईतून, पीएचडी अमेरिकेत स्टोनी ब्रूकला. मग टीआयएफआर आणि तिथून मुंबई विद्यापीठ. आम्ही प्रवेश घेतला तोवर त्या बंगळुरूच्या आयआयएस्सीत गेल्या होत्या, त्यामुळे वर्गात त्यांना ऐकायचं राहून गेलं. २०१९ ला पद्मश्री मिळाली, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या. मानुएल ड्रीस या जर्मन शास्त्रज्ञाबरोबरचं त्यांचं जे काम जगभर दोघांच्या नावाने ओळखलं जातं, ते १९९१ चं आहे. म्हणजे कलिन्यात शिकवत असतानाचं!

तर जाणकारांनो, लिहा. विद्यापीठातल्या फिजिक्सच्या प्राध्यापकाचं आयुष्य नक्की कसं असतं? भाची हा धागा वाचणार आहे, त्यामुळे उगाच गोडगोड नको.

चौकसभुंगा

वाचतोय. मेव्हण्यांना एक दुरुस्ती कळवा. सोळा तास असिस्टंट प्रोफेसरला. असोसिएट आणि प्रोफेसर झालं की यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमाने चौदा. :)

अवांतर: ते ड्रीस-गोडबोले प्रकरण काय आहे, कुणी आमच्यासारख्या कॉमर्सवाल्याला कळेल असं सांगेल का?

क्वार्कवाला

@चौकसभुंगा, प्रयत्न करतो.

इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचाच उलट विद्युतभाराचा जोडीदार) यांचे झुबके समोरासमोरून आणून आदळवायचे, हे कोलायडर नावाच्या यंत्राचं काम. टकरी जास्त हव्या असतील तर झुबका दाट हवा. पण झुबका दाट झाला की त्याचं विद्युत-चुंबकीय क्षेत्रही जबर होतं. समोरून येणारे कण त्या क्षेत्रात वाकतात आणि वाकताना फोटॉन फेकतात. याला बीमस्ट्राहलुंग म्हणतात. इथपर्यंत लोकांना माहीत होतं.

फोटॉन म्हणजे निव्वळ प्रकाश, असं आपण शाळेत शिकतो. पण क्वांटमच्या नियमांप्रमाणे तो क्षणभर क्वार्क (प्रोटॉन ज्यांचा बनतो ते कण) आणि अँटिक्वार्कची जोडी होऊ शकतो. ऊर्जा पुरेशी असेल तर टकरीच्या वेळी तो आत क्वार्क आणि त्यांना चिकटवून ठेवणारे ग्लुऑन भरलेले असल्यासारखा वागतो, थोडाफार प्रोटॉनसारखा. आता दोन्ही बाजूंनी निघालेले असे फोटॉन एकमेकांवर आदळले तर काय होईल? हॅड्रॉन कणांचे (क्वार्कपासून बनलेल्या कणांचे) फवारे उडतील आणि ज्या दुर्मिळ घटनेसाठी एवढं यंत्र उभारलं तीच त्या गर्दीत हरवून जाईल. ड्रीस आणि गोडबोले यांनी गणित मांडून दाखवलं की तेव्हा चर्चेत असलेल्या काही आराखड्यांमध्ये हा उपद्रव दुर्लक्ष करण्याइतका किरकोळ नाही. असं यंत्र आखणाऱ्यांना तेव्हापासून हा हिशेब आधी करावा लागतो.

लक्षात घ्या, या कामाला प्रयोगशाळा लागली नाही. कागद, संगणक, जगात कोण काय करतंय याची खबर आणि बोलायला बरोबरीचा माणूस, एवढं पुरलं. ऑनलाइन प्रीप्रिंटचं (छापून येण्याआधीच्या शोधनिबंधांचं) अर्काइव्ह १९९१ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं. त्याआधी प्रीप्रिंट टपालाने यायचे आणि विद्यापीठातली थिअरीची माणसं नेव्हीनगरची बस पकडून टीआयएफआरच्या लायब्ररीत जाऊन बसायची. मुंबईत असण्याचा हा मोठा फायदा. हेच काम महाराष्ट्रातल्या एखाद्या आडगावच्या कॉलेजात बसून झालं असतं का, मला शंका आहे.

सीएचबीवाला

गोडगोड नको म्हणालात म्हणून लिहितो.

पीएचडी झालीय, सेट (प्राध्यापकपदाची राज्याची पात्रता परीक्षा) झालीय, पेपर आहेत. तरी गेली कित्येक वर्षं मी क्लॉक अवर बेसिसवर शिकवतोय. म्हणजे जेवढे तास तेवढेच पैसे. दिवाळीची सुट्टी लागली की मीटर बंद, मे महिन्यात तर सगळाच ठणठणाट. सकाळी एका उपनगरातल्या कॉलेजात एफवायला ऑप्टिक्स, दुपारी दुसऱ्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सची प्रॅक्टिकल्स, संध्याकाळी क्लासमध्ये जेईई. खरं घर क्लासवर चालतं. दरवर्षी जूनमध्ये नव्याने इंटरव्ह्यू द्यायचा, पॅनेलवर तीच माणसं, प्रश्नही तेच.

मेव्हण्यांना आकडा हवा असेल तर देतो. सातव्या वेतन आयोगात असिस्टंट प्रोफेसरचा सुरुवातीचा बेसिक ५७,७०० रुपये. असोसिएटचा १,३१,४०० आणि प्रोफेसरचा १,४४,२००. वर महागाई भत्ता आणि घरभाडं. पगार उत्तम आहे, नाही कोण म्हणतंय? पण तो मंजूर पदावर बसलेल्याला. पद निघायला आरक्षणाचं रोस्टर तपासून व्हावं लागतं, एनओसी यावी लागते, जाहिरात यावी लागते, आणि तेवढ्यात सरकार भरतीवर बंदी घालतं. माझ्या ओळखीत पद निघण्याची वाट बघत चाळिशी ओलांडलेले आहेत. त्यांच्याकडे ना प्रयोगशाळा, ना विद्यार्थी, ना रिसर्चला वेळ.

भाचीला पीएचडी करू दे, जरूर करू दे. पण ‘पीएचडी झाली की विद्यापीठात लागेन’ हे वाक्य तिने डोक्यातून काढून टाकावं.

घंटाघर

सीएचबीवाला, +१००. आमच्या घरात दोन आहेत असे.

प्राध्यापककन्या

माझे बाबा लेक्चरर म्हणून लागले आणि प्रोफेसर म्हणून रिटायर झाले. लहानपणची आठवण म्हणजे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. पूर्वी ते घरी यायचे, कापडात शिवलेले, लाखेचं सील. एप्रिल-मे मध्ये आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नसायची. पंख्याने कागद उडतात म्हणून पंखा एकवर. बाबा मार्क देणार, आई पुन्हा टोटल मारणार आणि मी शिसपेन्सिलीने यादीवर टिक करणार. ते संपलं की मॉडरेशन, म्हणजे तपासलेले पेपर पुन्हा तपासणं. पाहुणे विचारायचे, ‘सर, तुम्हाला काय, दोन महिने सुट्टी!’ आई स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही मग.

गठ्ठे घरी येणं पुढे बंद झालं, कॅप सेंटरला (विद्यापीठाच्या तपासणी केंद्रात) जाऊन तपासायला लागायचे. आईने त्या दिवशी श्रीखंड केलं होतं.

जुना_निर्वात

मी साठ पूर्ण झाल्यावर नियमाप्रमाणे निवृत्त झालो. मुंबईतल्या एका विद्यापीठ विभागात होतो. कुठल्या ते सांगत नाही, कारण खाली दोन-चार कडू गोष्टी येतील. विषय थिन फिल्म्स. काचेच्या पट्टीवर एखाद्या पदार्थाचा अतिपातळ थर चढवायचा आणि त्याचे गुणधर्म मोजायचे. केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पटींनी पातळ.

वर लिहिलेलं सगळं खरं आहे. पण दिवसभर करतो काय, हे कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

सकाळची डोंबिवली लोकल, कुर्ल्याला उतरून बस. पहिला तास माझा. एमएस्सीला क्वांटम शिकवायचं असेल तर आदली रात्र त्यात जाते, मग ते दहाव्यांदा शिकवत असलात तरी. दरवर्षी कुणीतरी एक पोर असा प्रश्न विचारतं की तुम्ही फळ्यासमोर गप्प होता. मला त्यासाठीच ही नोकरी आवडायची. दुपारी प्रॅक्टिकल्स. न्यूटन रिंग्जच्या टेबलावर मी हमखास जाऊन उभा राहायचो. सोडियमचा पिवळा दिवा, खाली काच, वर बहिर्वक्र भिंग आणि फिरत्या सूक्ष्मदर्शकातून दिसणारी गोल वलयं. स्क्रू एकाच दिशेने फिरवत न्यायचा, मध्येच उलटा फिरवला की आट्यांमधल्या ढिलाईमुळे रीडिंग चुकतं. हे सगळ्यांना तोंडपाठ असतं आणि तरी निम्मी मुलं उलटा फिरवतात. मग व्यासाचा वर्ग आणि वलयाचा क्रमांक यांचा आलेख काढायचा, त्याच्या चढावरून तरंगलांबी येते. उत्तर ५८९ नॅनोमीटरच्या आसपास यायला हवं हे पोरांना आधीच माहीत, त्यामुळे रीडिंग कुक करायचा मोह होतोच. ज्याच्या आलेखातले सगळे बिंदू रेषेवर नेमके बसलेले, त्याला मी परत टेबलावर बसवायचो. ज्याचे दोन-तीन बाजूला पडलेत त्याचं जर्नल बिनबोभाट सही. या एका सवयीमुळे मी बराच अप्रिय होतो.

चार-साडेचारनंतर माझी स्वतःची लॅब.

थिन फिल्मसाठी व्हॅक्यूम कोटिंग युनिट लागतं. काचेची किंवा स्टीलची घंटा, तिच्यातली हवा आधी रोटरी पंपाने काढायची, मग डिफ्युजन पंपाने. आत मॉलिब्डेनमच्या छोट्या बोटीत पदार्थ ठेवून तिच्यातून मोठा विद्युतप्रवाह सोडायचा. बोट लाल होते, पदार्थाची वाफ होते आणि वरच्या काचेवर जाऊन बसते. हवा शिल्लक राहिली तर वाफेचे कण वाटेतच धडकतात आणि थर खराब होतो. म्हणून वातावरणाच्या दाबाच्या कोट्यवधीव्या भागापर्यंत खाली जायचं.

आता हे मुंबईत करून बघा. डिफ्युजन पंपातलं तेल उकळत असतं आणि पंपाच्या अंगाला थंड पाणी सतत खेळतं ठेवावं लागतं. पाणीकपातीच्या दिवशी दुपारी नळ गेला की हातातलं सगळं टाकून आधी हीटर बंद करायला धावायचं, नाहीतर तेल जळतं. पावसाळ्यात तऱ्हा वेगळी. नमुना काढायला घंटा उघडली की जुलैची दमट हवा आत शिरते, पाण्याची वाफ आतल्या भिंतींना चिकटते आणि पंप चालूच राहिला तरी ती हळूहळू सुटत राहते. मार्चमध्ये दुपारभरात उतरणारा दाब जुलैमध्ये दुसरा दिवस उजाडला तरी उतरत नाही. त्यावर उपाय म्हणजे घंटा उघडताना आत कोरडा नायट्रोजन सोडायचा आणि झटपट बंद करायची. पीएचडीच्या मुलांना मी सांगायचो, पावसाळ्यात थिअरीचा चॅप्टर लिहा, दसऱ्यानंतर पंप चालवू.

द्रवरूप नायट्रोजन लागायचा तो दुसऱ्या संस्थेतून आणायचो. उणे १९६ अंशांचा द्रव, टॅक्सीत मांडीवर थर्मासच्या जातीचा ड्यूआर फ्लास्क. त्याचं तोंड घट्ट बंद करायचं नाही, नाहीतर आत वायू साठून स्फोट होईल. टॅक्सीच्या काचा मात्र सगळ्या उघड्या, नाहीतर त्या वायूने गाडीतला ऑक्सिजन कमी होईल. एकदा सायनच्या सिग्नलला फ्लास्कच्या तोंडातून पांढरा धूर निघताना बघून टॅक्सीवाला गाडी सोडून फुटपाथवर जाऊन उभा राहिला. मागून हॉर्न, पुढे मी, हातात फ्लास्क.

आता कडू. यंत्राची काच फुटली तर नवीन घ्यायला तीन कोटेशनं, मग अकाउंट्स, मग खरेदी समिती. ग्रँट हातात येते डिसेंबरात आणि खर्च दाखवायचा ३१ मार्चच्या आत. २०१० मध्ये यूजीसीचे नवे नियम आले. लेक्चरर आणि रीडर ही पदनामं गेली आणि एपीआयचे, म्हणजे शिक्षकाचं काम मोजायचे, गुण आले. सेमिनारला इतके, पेपरला इतके, समितीवर काम केलं त्याचे इतके. त्यातून काय झालं? पैसे भरून छापणाऱ्या जर्नलांचं पीक आलं. आमच्याच कॉरिडॉरमधले काही लोक वर्षाला डझनाने पेपर छापू लागले. ज्यांनी कधी पंपाचा व्हॉल्व्ह हाताने फिरवला नाही, ते. मी नावं घेणार नाही, आमच्याकडचे वाचक ओळखतील.

आणि तरीही. माझे नमुने घेऊन मी ट्रॉम्ब्याच्या ध्रुव अणुभट्टीवर न्यूट्रॉनचे प्रयोग करू शकलो, ते विद्यापीठाचा शिक्षक म्हणूनच. यूजीसी आणि अणुऊर्जा खातं यांची एक संयुक्त यंत्रणा आहे, तिचं मुंबई केंद्र बीएआरसीत आहे. विद्यापीठातल्यांनी प्रस्ताव पाठवायचा, मंजूर झाला तर बीम टाइम, म्हणजे यंत्रावर प्रयोगाची वेळ, मिळतो. ही दारं आहेत, पण ती ठोठवायला लागतात. आणि ठोठावण्याइतकी ताकद संध्याकाळी अंगात उरायला लागते.

चौकसभुंगा

टॅक्सीवाला! सर, दंडवत.

फोर्टातला

निर्वात सरांच्या प्रतिसादानंतर लिहायला संकोच वाटतो, पण पार्लेकरीणताईंच्या मेव्हण्यांचा जो प्रश्न आहे (कलिन्यात कोण रिसर्च करतं?) त्याचं मूळ जरा मागे आहे.

मुंबईत भौतिकशास्त्राचं संशोधन सुरू झालं ते विद्यापीठाच्याच परिघात. फोर्टमधली मादाम कामा रोडवरची इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सची इमारत बघा. तेव्हाची रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, १९२० मध्ये सुरू झाली, वास्तुरचना जॉर्ज विटेटची. गो. रा. परांजपे तिथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते, पुढे प्राचार्य झाले. हेच परांजपे मराठीत ‘सृष्टिज्ञान’ मासिकाचं संपादन करत होते. म्हणजे दिवसा वर्णपट शिकवायचा आणि रात्री मराठी वाचकासाठी विज्ञान लिहायचं. एन. आर. तावडे त्याच संस्थेत रेणूंच्या वर्णपटांवर काम करत होते, त्यांचे शोधनिबंध परदेशी नियतकालिकांत यायचे. केंब्रिजला जाण्याआधी होमी भाभाही इथे शिकले.

मग १२ मार्च १९४४ ला भाभांनी सर सोराब सकलातवालांना ते प्रसिद्ध पत्र लिहिलं, दोराबजी टाटा ट्रस्टकडे मदत मागणारं. मूलभूत भौतिकशास्त्राची मोठी शाळा देशात नाही, ती उभी करू या. १९४५ मध्ये टीआयएफआर झाली. आधी बंगळुरू, मग पेडर रोडवरचा केनिलवर्थ बंगला, मग गेटवेजवळचा जुना यॉट क्लब आणि १९६२ पासून नेव्हीनगर. १९५६ मध्ये ट्रॉम्ब्याला अप्सरा अणुभट्टी. पैसा, यंत्रं, माणसं, सगळं तिकडे गेलं. विद्यापीठाकडे राहिल्या परीक्षा. कलकत्त्याला मेघनाद साहा हे ओरडून सांगत होते की अणुविज्ञान विद्यापीठांत रुजवा. त्यांचं कुणी ऐकलं नाही. मुंबईने त्याची किंमत मोजली असं माझं स्पष्ट मत आहे.

नेव्हीनगरवाला

फोर्टातला, तुमचा आदर आहे पण हे अर्धंच चित्र झालं.

१) जानेवारी १९६६ मध्ये, विमान अपघातात जाण्याच्या काही दिवस आधी, भाभांनी मुंबईतल्या एका आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक परिषदेत भाषण केलं. त्यात हाच मुद्दा होता, की राष्ट्रीय प्रयोगशाळा विद्यापीठांतली माणसं उचलून उभ्या केल्या आणि त्यामुळे विद्यापीठं कमजोर झाली. आपण तसं केलं नाही, आपली माणसं आपण तयार केली, हा त्यांचा दावा. ट्रॉम्ब्याचं १९५७ चं ट्रेनिंग स्कूल त्याचंच उदाहरण.

२) टीआयएफआर अभिमत विद्यापीठ होण्याआधी तिथल्या मुलांची पीएचडी मुंबई विद्यापीठाचीच असायची. भिंत इतकी उंच नव्हती.

मी तिथे पोस्टडॉक केलं. आमच्याकडेही सगळं आलबेल नसतं हो. फक्त आम्हाला टोटल मारावी लागत नाही.

फोर्टातला

भाषण मी वाचलंय. दावा भाभांचा आहे, स्वतःच्या संस्थेबद्दलचा. :) ट्रेनिंग स्कूलला मुलं कुठून यायची? विद्यापीठांतूनच ना! एमएस्सी-बीएस्सीचं उत्तम पोर तिकडे गेलं की विभागात पीएचडीला उरतं कोण? माणूस प्राध्यापक असताना उचलला नाही, विद्यार्थी असतानाच उचलला. आता सांगा, फरक काय?

क्वार्कवाला

फरक आहे. विद्यार्थी पुढे जाणं हे विद्यापीठाचं कामच आहे, त्याबद्दल तक्रार कसली? तक्रार याची हवी की नेव्हीनगर आणि ट्रॉम्ब्यातल्या लोकांनी पदवीच्या वर्गात शिकवायची सोय साठ वर्षं कुणी केली नाही. ती झाली २००७ मध्ये, कलिन्याच्याच आवारात. विद्यापीठ आणि अणुऊर्जा खातं यांचं संयुक्त सेंटर फॉर एक्सलन्स इन बेसिक सायन्सेस. बारावीनंतर पाच वर्षांचं एमएस्सी, शिकवायला विद्यापीठाबरोबर टीआयएफआर आणि बीएआरसीतलीही माणसं. खगोलशास्त्रात नारळीकरांनी हे आधीच ओळखलं होतं. टीआयएफआर सोडून ते पुण्याला गेले आणि यूजीसीची आयुका (खगोलशास्त्राचं आंतरविद्यापीठ केंद्र) उभी केली, १९८८ मध्ये. तिथे विद्यापीठ-कॉलेजांतले शिक्षक असोसिएट म्हणून जातात, महिनाभर राहतात, काम करतात आणि परत येऊन वर्गात उभे राहतात. पदार्थविज्ञानात मुंबईसाठी असं काही चाळीस वर्षांपूर्वी झालं असतं तर हा वाद आज झालाच नसता.

आणि गोडबोले बाईंचं उदाहरण दोन्ही बाजूंना वापरता येतं. काम कलिन्यात झालं हे खरं. त्या १९९५ ला गेल्या हेही खरं.

पार्लेकरीण

केवढं लिहिलंय सगळ्यांनी! मनापासून आभार. निर्वात सर, तुमचा प्रतिसाद मेव्हण्यांना पाठवला. त्यांना ३१ मार्चचं एकदम पटलं, ते सरकारी खात्यात आहेत.

क्वार्कवाला, शेवटच्या दोन वाक्यांशी सहमत. मला वाटतं माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे, मग ते मला आवडो वा न आवडो. माणूस असला तर कलिन्यात जगाच्या तोडीचं काम होतं, पण त्या माणसाला थांबवून ठेवेल असं काही आपण तिथे उभं केलेलं नाही.

भाचीने आयडी काढलाय, ती स्वतः विचारेल.

भाची_पार्टटू

नमस्कार. मावशीमुळे इथे आले. मला एक्सपेरिमेंटल करायचंय, थिअरी नाही. निर्वात सर, विद्यापीठात पीएचडीला गाइड निवडताना काय बघू? वेबसाइटवर सगळ्यांचेच ढीगभर पेपर दिसतात.

जुना_निर्वात

ये बाळ. पेपर मोजू नकोस.

लॅबमध्ये जा आणि लॉगबुक मागून बघ. पंप कधी चालू केला, दाब किती उतरला, तेल कधी बदललं, हे रोज लिहिलेलं असतं. शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची असेल तर चहा पिऊन परत ये. गाइडना विचार, द्रवरूप नायट्रोजन कुठून आणता? उत्तर लगेच आलं तर लॅब चालू आहे. ‘बघू, व्यवस्था होईल’ असं आलं तर समज. एक्सआरडीचे (क्ष-किरणांच्या तपासणीचे) नमुने कुठे पाठवतात, स्लॉट मिळायला किती थांबावं लागतं, तेही विचार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना फोन कर. किती वर्षं लागली आणि घरची कामं सांगतात का, हे दोन प्रश्न. दुसऱ्याचं उत्तर देताना समोरचा हसला तर तिथे जाऊ नकोस.

लॅब अटेंडंटशी ओळख करून घे. माझ्याकडचे अटेंडंट दहावी होते आणि पंपाच्या आवाजावरून सील गेलंय हे त्यांना माझ्याआधी कळायचं.

आणि वर्षातून दोनदा तरी होमी भाभा सेंटरला, मानखुर्दला जा. तिथे ऑलिंपियाडच्या मुलांसाठी जे प्रयोग तयार करतात ते बघण्यासारखे असतात. २०१५ ला आंतरराष्ट्रीय फिजिक्स ऑलिंपियाड मुंबईतच झालं होतं. साध्या वस्तूंतून चांगला प्रयोग कसा रचावा, हे पीएचडीत कुणी शिकवत नाही.

भाची_पार्टटू

लिहून घेतलं सगळं. अजून एक, नेट आणि सेट दोन्ही द्यावं का? आणि शिकवायला पीएचडी लागतेच का आता? मैत्रिणी वेगवेगळं सांगतात.

सीएचबीवाला

याचं उत्तर मी देतो, याच विषयात माझी खरी पीएचडी आहे.

जुलै २०२३ पासून यूजीसीने असिस्टंट प्रोफेसरसाठी नेट किंवा सेट ही किमान पात्रता ठेवलीय, पीएचडी ऐच्छिक. कागदावर. मुलाखतीत समोर बसलेल्या सगळ्यांकडे पीएचडी असते, त्यामुळे ती कर. सेट आपल्या राज्यापुरती आणि गोव्यापुरती, ती पुणे विद्यापीठ घेतं. तिच्यावर नोकरी मिळू शकते, फेलोशिप नाही. फेलोशिप हवी तर सीएसआयआरची नेट, आणि त्यात जेआरएफची (ज्युनियर रिसर्च फेलोशिपची) यादी. सध्या पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,०००. स्वतःची फेलोशिप असली की गाइड तू निवडतेस. नसली तर ज्याच्या प्रोजेक्टमध्ये जागा असेल तो तुला निवडतो.

म्हणून आधी नेट. सेटचा फॉर्म सुटला तरी रडू नकोस. गेट आणि जेस्ट या प्रवेश परीक्षांचेही फॉर्म भर, टीआयएफआरचा वेगळा. मागच्या पाच वर्षांचे पेपर माझ्याकडे सोडवलेले आहेत, मेसेज कर, पाठवतो. क्लासमध्ये त्याचे पैसे घेतात, इथे फुकट.